आईला सांगून येतो

वर्गात तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळे तिला टापटीप म्हणत. दुसऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं दिसलं तर जाता जाता लावून टाकणारी, फळ्यावर राहिलेली कालची तारीख पुसल्याशिवाय बाकावर न बसणारी, अशी ती मुलगी. आई म्हणायची, "हिला देवाने जगायला नाही, आवरायला पाठवलंय." आई हे कौतुकाने म्हणायची आणि टापटीपही ते कौतुकानेच ऐकायची. आपल्या गुणाचा आपल्याला कधी पस्तावा होईल, असं कुणाला वाटतं?

त्या गावात एके काळी ज्यू कुटुंबांची एक आख्खी गल्ली होती. मग एका हिवाळ्यात, आठवड्याभरात, ती गल्ली रिकामी झाली. कशी झाली ते इतिहासाच्या पुस्तकात दीड पानात आटोपलं होतं. मागे उरलं ते एवढंच: एक प्रार्थनाघर, ज्यात आता गाद्यांचं गोदाम होतं, चार-पाच जुन्या घरांच्या चौकटींवर, उजव्या बाजूला, प्रार्थनेच्या चिठ्ठीची नळी बसवायच्या तिरप्या खाचा, आणि गावाच्या कडेला उंच भिंतीआड एक दफनभूमी.

इतिहासाच्या मॅडमनी दोन वर्षं पत्रं लिहून लिहून त्या गल्लीतल्या माणसांची मुलं-नातवंडं शोधून काढली होती. कुणी कुठल्या देशात, कुणी कुठल्या. ती सगळी तीन दिवसांसाठी गाव बघायला येणार होती. मॅडमनी बारा विद्यार्थी निवडले आणि प्रत्येकाला एकेक कुटुंब वाटून दिलं. आधी सहा महिने पत्रव्यवहार करायचा, त्यांचं घर कुठलं, दुकान कुठलं ते हुडकायचं आणि आल्यावर हाताला धरून दाखवायचं.

"आपण गाइड नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "यजमान आहोत. जरा उशिरा जागे झालेले."

टापटीपच्या वाट्याला एकोणऐंशी वर्षांच्या एक आजी आल्या. त्यांचं पहिलंच पत्र तिने घरी आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मोठाली, ओळीबाहेर सांडणारी अक्षरं. 'मी सात वर्षांची असताना गेले. मग तिकडे दुसरी भाषा शिकले. म्हणून मला तुमच्या भाषेतले मोठ्यांचे शब्द येत नाहीत. हसू नको हं.' दोघी हसल्याच. मग आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "वाच, पुढे वाच."

पुढच्या एका पत्रात होतं: 'माझी आई तिथेच आहे. तिच्या दगडावर मेणबत्त्यांची जोडी काढली आहे. सापडली तर सांग. नाही सापडली तरी सांग.'

पाहुणे यायच्या तीन दिवस आधी दफनभूमी उघडली.

किल्ली समोरच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात होती. घड्याळजी सत्तरीचे. दुकानाच्या खिडकीतून दिवसभर त्या फाटकाकडे तोंड करून बसायचे. डोळ्याला भिंग लावलेलं नसेल तेव्हा समोर बघायला दुसरं काही नव्हतंच.

"माझ्या वडिलांच्या हातात त्यांच्यातल्याच कुणीतरी दिली ही," ते म्हणाले. "वडिलांनी कधी उघडलं नाही, मीही नाही. कशाला उघडायचं? आपलं कोण आहे आत?"

"मग कुणी आलंच नाही इतक्या वर्षांत?" टापटीपने विचारलं.

"बाई, मी घड्याळवाला. कुणी आलं-गेलं तर मला वेळेसकट आठवलं असतं."

कुलपात तेल घालून अर्धा तास थांबावं लागलं. मग ते एकदम, कुणीतरी आतून हात लावल्यासारखं, अलगद सुटलं.

आत गुडघाभर गवत. दव पडलेलं. थडग्यांचे उभे दगड एकमेकांकडे कललेले, शेवाळाने हिरवे, त्यांवर उजवीकडून डावीकडे जाणारी कोरीव अक्षरं. मॅडमनी सूचना लिहून दिली होती: मऊ ब्रश आणि पाणी, बाकी काही नाही, आधी फोटो काढायचे, काहीही जागचं हलवायचं नाही. वर्गातली चष्मा म्हणून ओळखली जाणारी मैत्रीण फोटो काढत पुढे चालली होती. तिच्यामागून टापटीप बादली आणि ब्रश घेऊन.

प्रत्येक थडग्याच्या माथ्यावर एकेक दगड होता. कोंबडीच्या अंड्याएवढा, करडा, गुळगुळीत. थडगी शेवाळाने माखलेली, पण या लहान दगडांवर हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. हे टापटीपला दिसलं, पण त्यावर तिने विचार केला नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच की वर कचरा पडलाय. पोरांनी भिंतीवरून भिरकावले असतील. 'काही हलवायचं नाही' ही सूचना मोठ्या दगडांबद्दल असणार, हेही तिने स्वतःच ठरवून टाकलं. मॅडम फाटकाशीच उभ्या होत्या. विचारायला वीस पावलं जावं लागलं असतं.

एकेक दगड उचलून ती दुसऱ्या, रिकाम्या बादलीत टाकत गेली. तिसऱ्या रांगेत, भिंतीला लागून, मेणबत्त्यांची जोडी कोरलेलं थडगं सापडलं तेव्हा ती आनंदाने जवळजवळ ओरडलीच. तिथला दगडही तिने उचलला.

तो गरम होता.

बाकीचे हाताला बर्फासारखे लागले होते. हा मात्र कुणाच्या तरी मुठीतून आत्ता घेतल्यासारखा. ऊन लागलं असेल, असं ती म्हणाली, मनातल्या मनात. तो कोपरा भिंतीच्या सावलीत होता. तिने दगड या हातातून त्या हातात घेतला आणि बादलीत टाकला. टण्णकन आवाज झाला.

एकसष्ट थडगी होती. बादली भरली.

टापटीपचे वडील गवंडी. फाटकाशी दोन पायऱ्या होत्या. म्हाताऱ्या पाहुण्यांना चढता यावं म्हणून तिथे काँक्रीटचा छोटा उतार करायचं काम त्यांच्याकडे होतं. ते घमेल्यात माल कालवत होते आणि खडी कमी पडली म्हणून कुरकुरत होते.

"बाबा, हे घ्या," टापटीपने बादली पुढे केली.

त्यांनी एक दगड बोटांनी फिरवून पाहिला. "अरे वा! हे तर नदीतले. आपल्याकडे कुठे मिळतात असे?" मग हसून म्हणाले, "लेकीचा पायगुण. ओत."

तिने ओतले. वरून थापी फिरवताना जे दगड डोकं वर काढत होते, ते तिने स्वतःच्या अंगठ्याने आत दाबले. काही वाया गेलं नाही, याचं तिला समाधान वाटलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज याच समाधानाची वाटायची.

दुसऱ्या दिवशी वडील उतारावर पाणी मारायला गेले आणि लगेच परत आले. "चमत्कारच म्हणायचा. या थंडीत चार दिवस लागतात, आणि हे एका रात्रीत खडखडीत वाळलंय." त्यांनी तळहात पुढे धरला, जणू त्यावर काही दिसणार होतं. "हात टेकवला तर उबदार लागतंय. ऊन खाल्लंय वाटतं."

"त्या गल्लीत ऊन येतं कुठे?" आई म्हणाली.

"येत नाही," वडील म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पाहुणे आले. एकोणीस जण. गाडीतून उतरल्यावर थोडा वेळ ते आणि हे बारा जण नुसतेच एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग एक छोटीशी म्हातारी, अंगापेक्षा मोठा कोट घातलेली, गर्दीतून वाट काढत आली.

"तू टापटीप ना गं? पत्रात नाव लिहिलं होतंस."

"हो आजी."

"तुला वाटलं असेल, लहान मुलगी येईल," आजी म्हणाल्या. "मी म्हातारी झाले. मलाच कळलं नाही."

त्यांचं बोलणं खरोखर सात वर्षांच्या मुलीचं होतं. रस्त्यातला दिवा बघून 'अय्या', दमल्यावर 'मी नाही आता चालणार, जा'. सोबत त्यांची सून होती. तिला इथली भाषा येत नव्हती. ती इंग्रजीतून, मोजकं बोलायची. आजींचे गुडघे गेलेले. एका बाजूने सून आणि दुसऱ्या बाजूने टापटीप, अशा दोघींच्या हातांवर सारा भार टाकून त्या चालत. एवढीशी म्हातारी, पण भार असा की पाचव्या मिनिटाला टापटीपचा खांदा दुखायला लागला.

जुनं घर बघून झालं. आता तिथे न्हाव्याचं दुकान होतं. न्हाव्याने हातातलं गिऱ्हाईक तसंच फेसासकट बसवून ठेवून आजींना आत बोलावलं. आजी चौकटीवरच्या तिरप्या खाचेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "येता-जाता इथे हात लावायचा असतो. माझा पोचायचा नाही. दादा उचलायचा मला."

दुसऱ्या दिवशी दफनभूमी.

नव्या उतारावर आल्यावर आजी थांबल्या. सून पुढे ओढत होती, पण त्यांनी पाय रोवले. "थांब ना. इथे पायाला छान वाटतंय." जाड तळव्यांचे बूट होते त्यांच्या पायात.

आत गेल्यावर विद्यार्थ्यांनी आपापल्या कुटुंबाला आपापलं थडगं दाखवलं. धुतलेले दगड उन्हात स्वच्छ दिसत होते. मॅडमच्या चेहऱ्यावर बारा लेकरांचं बारसं एकाच दिवशी झाल्यासारखा आनंद होता. आणि तेवढ्यात पाहुण्यांनी आपापल्या पिशव्या, खिसे चाचपायला सुरुवात केली. प्रत्येकाने एकेक लहान दगड काढला आणि थडग्याच्या माथ्यावर ठेवला.

"हे काय असतं?" चष्माने विचारलं.

पाहुण्यांमधले एक उंच, निवृत्त प्राध्यापक होते. ते इंग्रजीतून सावकाश म्हणाले, "आम्ही फुलं ठेवत नाही. फुलं वाळून जातात. दगड राहतो. तो सांगतो की कुणीतरी येऊन गेलं, अजून कुणाला तरी आठवण आहे. तो कुणी काढत नाही."

मॅडम हे सगळं वहीत उतरवून घेत होत्या. टापटीपच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्या हाताच्या अंगठ्याकडे तिची नजर गेली. नखाच्या कडेला सिमेंटची एक बारीक रेघ अजून राहिली होती. तिने अंगठा मुठीत लपवला.

आजी मेणबत्त्यांच्या जोडीसमोर उभ्या होत्या. बराच वेळ त्या थडग्याच्या माथ्याकडे बघत राहिल्या. मग वळून विचारलं, "टापटीप, तू इथे पहिल्यांदा आलीस तेव्हा यावर काही होतं का गं? दगड वगैरे?"

सगळे ऐकत होते. मॅडम, चष्मा, ते प्राध्यापक.

"नाही आजी," टापटीप म्हणाली. "काहीच नव्हतं." आणि एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं, पण खोट्याला एकटं उभं राहता येत नाही. ती म्हणाली, "जसं होतं तसंच ठेवलंय आम्ही. काहीच हलवलेलं नाही."

"बरं," आजी म्हणाल्या. खाऊ संपला असं सांगितल्यावर शहाणं मूल म्हणतं, तसं.

कॉलेजच्या हॉलमध्ये चहा होता. भाषणं झाली. टापटीपच्या कामाचं नाव घेऊन कौतुक झालं आणि टाळ्या वाजल्या. तिने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आजी तिच्या शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होत्या.

"आम्ही स्टेशनवर होतो," त्या एकदम म्हणाल्या, कुणी विचारलेलं नसताना. "खूप माणसं. दादा अकरा वर्षांचा. तो बाबांना म्हणाला, आईला सांगून येतो. बाबा म्हणाले, वेळ नाही. तर म्हणतो कसा, आईला न सांगता कसं जायचं? आणि गेला पळत. बाबा मागे धावले, पण मला सोडून किती धावणार? मग गाडी सुटली."

"मग?" टापटीपने विचारलं.

"मग काही नाही. मग मी मोठी झाले."

बिस्किटाचा तुकडा चहात पडला. आजींनी तो चमच्याने काढून खाल्ला.

"तो आईपर्यंत पोचला का, एवढंच बघायचं होतं मला. पोचला असता तर त्याने दगड ठेवलाच असता. तू लिहिलं होतंस ना, कुलूप आहे, आत कुणी जात नाही. मग तो दगड तसाच राहिला असता. नाहीये. म्हणजे वाटेतच..." त्यांनी पुढचं म्हटलं नाही. टापटीपच्या मनगटावर थोपटलं. "तू नीट बघितलंस म्हणून कळलं. नाहीतर मी उगाच वाट बघत राहिले असते."

टापटीपने कप खाली ठेवला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तो उतार फोडा."

"वेड लागलं का तुला? परवापरवाच तर..."

तिने सगळं सांगितलं. वडील चपला काढायचं विसरून दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "फोडला तरी एकसष्टांमधला तो कुठला, ओळखशील? सगळे सिमेंटात घट्ट झालेले असणार. निघाले तर चुरा होऊन निघतील, पोरी." त्यांचा आवाज खाली गेला. "मीसुद्धा विचारलं नाही, कुठून आणलेस म्हणून. माझंही चुकलंच."

मग तिला फोटो आठवले. चष्मा पुढे चालली होती, ही मागे. प्रत्येक थडग्याचा फोटो हिने हात लावायच्या आधीचा. त्यात दगड असणारच. आजींना तो फोटो दाखवायचा, पाया पडायचं, बस. तिने चष्माला फोन केला. फोटो आले. टापटीपने मेणबत्त्यांच्या जोडीचा फोटो उघडला.

थडग्याचा माथा मोकळा होता. दवाने ओला. त्या दवावर कशाचाही डाग नव्हता.

तिने बाकीचे साठ उघडले. एकाही थडग्यावर काही नव्हतं. एका फोटोच्या कडेला ती स्वतः आली होती, वाकलेली. बादली तिच्या हातात होती आणि वजनाने तिचा तो खांदा खाली ओढला गेलेला स्पष्ट दिसत होता.

"कसले दगड गं?" चष्मा फोनवर म्हणाली. "मी प्रत्येक फोटो दोनदा काढलाय. काही नव्हतं. मग तर झालंच! तू खरंच बोललीस की."

"मी बादलीभर उचललेत, चष्मा. बाबांनी बघितलेत."

"हे बघ, आजी उद्या सकाळी जातायत. पुरावा तुझ्या बाजूने आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस."

टापटीपने फोन ठेवला. एका श्वासापुरतं तिला सुटल्यासारखं वाटलं. आपण खोटं बोललोच नाही, असं सांगायला एकसष्ट फोटो होते. मग त्या सुटकेचीच इतकी लाज वाटली की ती स्वयंपाकघरात जाऊन आईच्या मागे उभी राहिली, लहानपणी काही फुटलं की उभी राहायची तशी.

आईने फोटो पाहिले. फोन परत दिला.

"हे कुणाला दाखवणार आहेस? त्यांना, की स्वतःला?"

"पण आई, यात खरंच काही नाहीये."

"तुझ्या हाताला काय लागलं होतं?"

टापटीपने आपला तळहात उलटून पाहिला.

"हाताला लागलं तेच खरं धर," आई म्हणाली. "यंत्राला काय, दाखवलं तेवढंच दिसतं. चूक झाली ती झाली. ती आपल्या पदरात घ्यावी. दुसऱ्याच्या पदरात दुःख म्हणून टाकू नये."

सकाळी आठ वाजता ती अतिथिगृहावर पोचली. पाहुण्यांच्या बॅगा खाली येऊन पडल्या होत्या. आजी जेवणघराच्या खिडकीशी एकट्या बसल्या होत्या, कोट घालूनच. टापटीप समोर बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. दगड होता. मी उचलला. कचरा समजून. काँक्रीटमध्ये घातला. तुम्ही विचारलंत तेव्हा सगळ्यांसमोर खोटं बोलले. फोटोंचंही सांगितलं, त्यात काही दिसत नाही, हेही. काहीच शिल्लक ठेवलं नाही.

आजींनी मधे एकदाही तोडलं नाही. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टापटीपला वाटलं.

"एकच होता?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळ्यांवर होते. एकसष्ट."

आजींचा चेहरा हलला. "हो. तो तसंच करणार. गोळ्यासुद्धा सगळ्यांना वाटायचा. फक्त आपल्याच आईला ठेवला तर बाकीच्यांना काय वाटेल?" मग पुढे झुकून, गुपित विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आईवरचा कसा होता गं?"

"बाकीच्यांसारखाच. पण..." टापटीप अडखळली. "गरम होता, आजी. बाकीचे गार होते. तो एकटा गरम होता."

"शप्पथ?"

"शप्पथ."

आजींनी आपली मूठ मिटून बघितली.

"मुठीत धरून न्यायचा तो," त्या म्हणाल्या. "घरापासून तिथपर्यंत, घट्ट. म्हणायचा, गार दगड ठेवला तर आई दचकेल." त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. "मला ने."

सून गाडीत बॅगा चढवून घेत होती. पंधरा मिनिटांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी आणते, म्हणाली. त्यामुळे या वेळी एका बाजूला टापटीप, आणि दुसऱ्या हातात सुनेची छत्री, काठीसारखी टेकायला. एवढ्याशा वाटेत दोनदा थांबावं लागलं. सगळा भार टापटीपवर. तिचा दंड थरथरायला लागला, पण तिने हूं की चूं केलं नाही. हे निदान आपल्या वाट्याचं आहे, असं तिला वाटत होतं.

घड्याळजींनी दोन फळ्यांच्या फाटकाची एक फळी उघडून दिली आणि ते दुकानात परत गेले.

उतारावर दव नव्हतं. दोन्ही बाजूंच्या गवतावर होतं, पायऱ्यांच्या दगडावर होतं.

मेणबत्त्यांच्या जोडीसमोर कालचा, आजींनी स्वतः ठेवलेला दगड होता. त्याच्याशेजारची जागा रिकामी.

"आता तू सांग," आजी म्हणाल्या.

"कुणाला?"

"आईला. तू घेतलास ना तिचा? मग तिला नको सांगायला?"

टापटीपने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. कोरीव अक्षरं तिला वाचता येत नव्हती. आपण जिच्याशी बोलतोय तिचं नावसुद्धा तिला वाचता येत नव्हतं.

"मी घेतला," ती म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाली, "तुमच्या मुलाने ठेवलेला दगड मी घेतला. आणि तुमच्या मुलीला सांगितलं की काही नव्हतं. तो आला होता. मला क्षमा करा."

झाडावरचा पक्षी गप्प झाला. बाकी काही झालं नाही. गवतातून, भिंतीच्या बाजूने, वाऱ्याची एक रेघ आली आणि त्यांच्याजवळ येऊन थांबली. वारा पडला तरी ते गवत वाकलेलंच राहिलं.

आजींनी तिकडे पाहिलं. दचकल्या नाहीत. उशिरा घरी आलेल्याकडे घरातलं माणूस बघतं, तशा बघत राहिल्या.

"किती वेळ लावलास," त्या हलकेच म्हणाल्या.

टापटीपला वाटलं, आपल्यालाच. ती म्हणाली, "चुकलंच माझं, आजी."

आजींची नजर अजून त्या वाकलेल्या गवताकडेच होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला. आजींनी छत्री थडग्याला टेकवून ठेवली.

"ही घ्यायची ना?" टापटीपने विचारलं.

"नको आता," आजी म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

त्यांचा उजवा हात टापटीपच्या दंडावर होता. डावा हात कोपरात वाकलेला, थोडा खाली झुकलेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. आपल्याहून बुटक्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालावं, तसा.

टापटीपच्या हातावर आता निम्माच भार होता.

तिने मान वर केली नाही. त्या बाजूला बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं असं नाही, तोंड नव्हतं. ज्याचा दगड आपण कचरा म्हणून फेकला, त्याच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं? ती पायांकडे बघत चालत राहिली. स्वतःच्या पायांकडे आणि आजींच्या. त्यापलीकडे तिने नजर जाऊ दिली नाही.

वाटेत कुठे थांबावं लागलं नाही.

फाटकाशी घड्याळजी येऊन उभे होते. कुलूप-किल्ली हातात. त्यांनी या दोघींकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मग कुलूप-किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या फळीचा गंजलेला अडसर कधी काढलाच गेला नव्हता; तो त्यांनी दोन्ही हातांनी, जोर लावून, वर उचलला, फळी मागे ओढली आणि भिंतीला चिकटून, वाट सोडून उभे राहिले.

दोघींना एक फळी पुरली असती.